मागणीमागे विवेक आहे की नुसता फासा: स्वतः तपासण्याची रीत

किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा नियम अर्थशास्त्र शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच भेटतो, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे ठरलेले स्पष्टीकरणही येते: उपभोक्ता विवेकशील असतो, हाती असलेल्या उत्पन्नातून तो जास्तीत जास्त उपयोगिता, म्हणजे वस्तूंपासून मिळणारे समाधान, मिळवू पाहतो, आणि म्हणून महागलेली वस्तू कमी करून तिच्या जागी दुसरी घेतो. हे स्पष्टीकरण इतके अंगवळणी पडते की पुढे आपण नकळत त्याचा व्यत्यासही खरा मानू लागतो. आकडेवारीतून उतरता मागणी वक्र, म्हणजे किंमत वाढताना मागणी घटत जाते असे दाखवणारी रेषा, निघाला, म्हणजे लोक विचारपूर्वक निवड करतात हे सिद्ध झाले, असे आपण समजून चालतो. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६२ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हा व्यत्यास टिकत नाही, हे दाखवून दिले. कसलाही विचार न करता, निव्वळ यदृच्छेने खरेदी करणाऱ्या लोकांची एकूण मागणीसुद्धा किंमत वाढल्यावर घटते, कारण किंमत बदलली की त्यांच्या आवाक्यात काय आहे तेच बदलते.

मग आपल्यासमोरची मागणी विवेकाने समजावून घ्यावी लागते की तिला फासाही पुरेसा आहे, हे ठरवायचे कसे? पुढे दिलेली रीत कागद-पेन्सिलने करता येते. स्प्रेडशीट असेल तर काम लवकर होते. एकच आग्रह आहे: स्वतःची आकडेवारी उघडण्याआधी पहिला हिशेब स्वतःच्या हाताने करावा. तो केल्याशिवाय पुढच्या कसोट्या नेमके काय पकडतात, हे मनात बसत नाही.

आधी फासा टाकणारा उपभोक्ता उभा करा

उत्पन्न १०० एकक धरा. वस्तू दोनच आहेत, क आणि ख, आणि दोन्हींची किंमत नगामागे ५ एकक आहे. सगळे उत्पन्न क वर खर्च केले तर २० नग मिळतात, सगळे ख वर केले तर तिचे २०. हे दोन टोकाचे बिंदू जोडणारी रेषा म्हणजे अंदाजपत्रक रेषा. आता असा उपभोक्ता कल्पा, जो सगळे उत्पन्न खर्च करतो, पण या रेषेवरचा कोणताही बिंदू सारख्याच संभाव्यतेने उचलतो. त्याची क ची खरेदी ० ते २० यांमध्ये कुठेही पडू शकते आणि तिची सरासरी १० नग येते.

क ची किंमत १० करा. रेषेचे क च्या बाजूचे टोक २० वरून १० वर येते आणि सरासरी ५ होते. किंमत ४ केली तर टोक २५ वर जाते आणि सरासरी साडेबारा होते. या उपभोक्त्याने काहीही ठरवलेले नाही, किमतीची पाटीही वाचलेली नाही, तरी त्याची सरासरी मागणी एका सरळ सूत्राने चालते: उत्पन्नाला किमतीच्या दुपटीने भागा.

आता त्याच्या शेजारी विवेकशील उपभोक्ता बसवा. त्याची उपयोगिता क आणि ख यांच्या नगांच्या गुणाकाराइतकी आहे असे माना. हा उपभोक्ता नेहमी उत्पन्नाचा अर्धा भाग क वर आणि अर्धा ख वर खर्च करतो, म्हणजे त्याचीही क ची मागणी उत्पन्न भागिले किमतीची दुप्पट इतकीच येते. दोन्ही मागणी वक्र एकमेकांवर तंतोतंत बसतात. उपयोगिता फलन मी मुद्दाम तसे निवडले आहे, हे खरे. पण मुद्दा त्याने कमजोर होत नाही. नुसत्या सरासरी वक्राकडे पाहून यांतला कोणता उपभोक्ता विचार करतो आहे हे सांगणे अशक्य आहे, मग तुमच्याकडे कितीही किमतींवरच्या नोंदी असोत.

फरक दिसतो तो सरासरीच्या आत. स्प्रेडशीटमध्ये शंभर ओळी घ्या, प्रत्येक ओळीत ० ते १ मधली यादृच्छिक संख्या काढून तिला २० ने गुणा. ही ५ किमतीची खरेदी झाली. शेजारच्या स्तंभात नवी यादृच्छिक संख्या घेऊन तिला १० ने गुणा. ही १० किमतीची. दोन्ही स्तंभांची सरासरी अनुक्रमे १० आणि ५ च्या आसपास येईल. आता ओळीनुसार तुलना करा. सुमारे पंचवीस ओळींमध्ये किंमत दुप्पट झाल्यावर खरेदी वाढलेली आढळेल, कारण अशा दोन स्वतंत्र फाशांत दुसरा पहिल्यापेक्षा मोठा पडण्याची संभाव्यता नेमकी एकचतुर्थांश आहे. ५ किमतीला एका व्यक्तीच्या खरेदीचे प्रमाण विचलन, म्हणजे ती सरासरीपासून साधारण किती दूर पडते याचे माप, सुमारे ५.८ नग असते. शंभर जणांच्या सरासरीचे ०.६ च्याही खाली जाते. बाजार व्यक्तीपेक्षा विवेकशील दिसतो तो यामुळे, आणि म्हणूनच ज्यांना विवेकाविषयी काही म्हणायचे आहे त्यांनी व्यक्तिगत किंवा कुटुंबवार नोंदी मिळवल्याच पाहिजेत. एकत्रित बाजाराच्या आकडेवारीवर हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग उत्पन्नाची भरपाई देऊन पाहा

इथे एक शंका येणे रास्त आहे. किंमत वाढली की माणूस खऱ्या अर्थाने गरीबही होतो. तेव्हा फाशाची मागणी घटली ती केवळ गरिबीमुळे असेल, आणि पर्यायता परिणामासाठी, म्हणजे गरिबी वगळून केवळ महागलेल्या वस्तूऐवजी दुसरी घेण्यासाठी, तरी विवेक लागतच असेल. ही शंका हिशेबाने फेडता येते. क ची किंमत १० केल्यावर उपभोक्त्याला इतके उत्पन्न द्या की जुना सरासरी संच, म्हणजे दोन्हींचे दहा-दहा नग, त्याला नेमका परवडेल. त्यासाठी १०० आणि ५० मिळून १५० एकक लागतात. नव्या रेषेचे क च्या बाजूचे टोक १५ वर येते, म्हणून फाशाची सरासरी साडेसात. ख चे टोक ३० वर जाते, म्हणून तिची सरासरी १५. भरपाई मिळूनही क ची मागणी १० वरून साडेसातवर आली आणि ख ची वाढली. पर्यायता परिणामसुद्धा फाशातून निघाला.

बेकर यांनी फाशाच्या बरोबरीने दुसरा एक उपभोक्ताही तपासला होता: सवयीचा गुलाम, जो जमेल तोवर जुनीच खरेदी चालू ठेवतो. वरच्याच आकड्यांवर दोन माणसे घेऊन पाहा. पहिला जुन्या किमतीला क चे ४ आणि ख चे १६ नग घेत होता. नव्या किमतीला त्याचा खर्च १२० होतो, १५० मध्ये तो आरामात बसतो आणि त्याला हलावेच लागत नाही. दुसरा क चे १६ आणि ख चे ४ घेत होता. त्याचा खर्च आता १८० होतो, तो परवडत नाही, आणि नव्या रेषेवर क चे १५ पेक्षा जास्त नग मिळतच नसल्याने त्याला क कमी करणे भागच आहे. ज्यांचा कल क कडे जास्त होता, तेवढेच आपल्या जागेवरून उठवले जातात. म्हणून सगळे सवयीचे गुलाम असले तरी सरासरी खालीच येते.

वक्र सोडा, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा शोधा

इथवर आल्यावर ध्यानात येते की उतार ही विवेकाची कसोटी नव्हेच. कसोटी आहे ती सुसंगतीची. १९३८ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी मांडलेल्या प्रकट पसंतीच्या कल्पनेचा गाभा असा: संच आ परवडत असताना तुम्ही संच अ निवडला, तर ज्या परिस्थितीत अ परवडतो तिथे तुम्ही आ निवडता कामा नये. हीच अट दोनपेक्षा अधिक निवडींच्या साखळीला लावली, की सिडनी आफ्रियाट यांनी १९६७ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे मर्यादित नोंदींवरून थेट सांगता येते, की या निवडी एखाद्या उपयोगिता फलनात बसतात की नाही. त्यासाठी फलनाचे रूप आधी गृहीत धरावे लागत नाही. हॅल व्हेरियन यांनी १९८२ मध्ये ही कसोटी प्रत्यक्ष आकडेवारीवर चालवण्याजोगी करून दिली.

कसोटी लावण्याआधी मात्र आपल्या नोंदींत तिला पकडण्यासारखे काही आहे का, हे पाहावे लागते, आणि याच पायरीवर अनेकजण घसरतात. उत्पन्न १०० वर कायम ठेवून फक्त क ची किंमत ५ वरून १० केली, तर नवी रेषा जुनीच्या पूर्णपणे आत येते. नव्या रेषेवरचा प्रत्येक संच आधीही परवडत होता. आणि आधीचा संच, त्यात क चा थोडासाही अंश असेल तर, आता परवडत नाही. अशा दोन निवडी एकमेकींच्या विरोधात जाऊच शकत नाहीत. म्हणजे पाठ्यपुस्तकातला नमुनेदार मागणी वक्र, ज्यात इतर परिस्थिती कायम ठेवून एकच किंमत हलवली जाते, तो ज्या नोंदींतून निघतो त्यांत विवेकहीनता दिसण्याची सोयच नसते. ज्या वक्राला आपण विवेकाचा पुरावा मानत आलो, त्याच्या रचनेतच उलट पुराव्याला जागा नाही.

म्हणून किंमत आणि उत्पन्न दोन्ही बदललेली, एकमेकींना मधोमध कुठेतरी छेदणाऱ्या रेषांची जोडी शोधा. भरपाईच्या उदाहरणातल्या दोन रेषा तशा आहेत. त्या दहा-दहाच्या बिंदूवर छेदतात. विसंगती तेव्हाच होते, जेव्हा पहिल्या रेषेवर माणूस क चे दहापेक्षा कमी नग घेतो आणि दुसऱ्या रेषेवर, क महाग झालेली असताना, दहापेक्षा जास्त घेतो. फाशाच्या बाबतीत पहिली घटना घडण्याची संभाव्यता एकद्वितीयांश आहे, कारण तिथे क ० ते २० मध्ये पडते. दुसरीची एकतृतीयांश, कारण तिथे ती ० ते १५ मध्ये पडते. दोन्ही मिळून एकषष्ठांश. म्हणजे कसलाही विचार न करणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे त्र्याऐंशी जण या कसोटीत सुसंगत ठरतील.

हा आकडा मला या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या पाहणीत ‘पंच्याऐंशी टक्के उपभोक्ते विवेकशील आढळले’ असे वाक्य आले, तर त्याच्या शेजारी फाशाचे किती टक्के आढळले असते हे लिहिलेले असल्याशिवाय त्या वाक्याला काहीच अर्थ नाही. स्टीफन ब्रोनार्स यांनी १९८७ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त नेमके हेच सुचवले: बेकरांचा यादृच्छिक उपभोक्ता प्रतिस्पर्धी म्हणून उभा करावा, त्याच किमती आणि तेच उत्पन्न त्याला द्यावे, आणि कसोटी त्याला किती वेळा पकडते हे मोजावे, ती कसोटीची ताकद. तुमच्या कामात हे असे करा: प्रत्येक कुटुंबाच्या प्रत्येक नोंदीसाठी त्याच किमती व तोच एकूण खर्च ठेवून एक हजार यादृच्छिक संच बनवा, त्यांच्यावर तीच सुसंगतीची कसोटी लावा, आणि दोन्ही टक्केवाऱ्या एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापा. ताकद वाढवायची तर छेदणाऱ्या रेषा वाढवा. वरच्यासारख्या दहा स्वतंत्र जोड्या असतील, तर सगळ्यांतून निसटणारे फासे शंभरात सोळाच्या आसपास उरतात.

प्रयोगशाळेत ताकदवान कसोटी बांधता येते, कारण तिथे रेषा संशोधकाच्या हातात असतात. विल्यम हार्बॉ, केट क्राउझ आणि टिमोथी बेरी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सात आणि अकरा वर्षांच्या आसपासची मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी घेतले होते. सात वर्षांच्या मुलांच्या निवडीही फाशापेक्षा सुसंगत निघाल्या आणि अकरा वर्षांची मुले जवळपास विद्यार्थ्यांइतकीच सुसंगत ठरली. विवेक हा शब्द इथे मोठ्या शहाणपणाच्या अर्थाने वापरलेला नाही, हे अशा प्रयोगांवरून नीट कळते. कसोटी फक्त एवढेच विचारते, की माणूस स्वतःच्याच पसंतीला धरून वागला का.

खर्चाचे वाटे पाहा

छेदणाऱ्या रेषा हाती नसतील, तर दुसरी वाट आहे. साध्या फाशाकडून काही नेमकी भाकिते निघतात आणि ती सहज खोटी ठरू शकतात. क चा खर्चातला वाटा सरासरीने नेहमी निम्मा राहतो. वस्तू तीन असतील तर एकतृतीयांश. मागणीची किंमत लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का बदलल्यावर मागणी किती टक्के बदलते ते प्रमाण, नेमकी एक, उत्पन्न लवचिकताही एक, आणि ख च्या किमतीतल्या बदलाचा क च्या मागणीवर परिणाम शून्य. तुमच्या आकडेवारीत यांतले काय मोडते, ते तपासा.

बहुतेक ठिकाणी पहिला घाव उत्पन्नाच्या बाजूने बसतो. एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील श्रमिक कुटुंबांच्या खर्चाच्या नोंदींवरून दाखवले होते, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा नियम पुढे देशोदेशीच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळला आहे. साध्या फाशाला तो समजावता येत नाही, कारण फाशाला गरजेची वस्तू आणि चैनीची वस्तू यांतला भेद कळत नाही. एकमेकींना पर्याय असलेल्या दोन वस्तूंपैकी एक थोडी स्वस्त होताच तिच्याकडे मागणीचा लोंढा वळणे, हेही त्याला जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, की फासा सारख्या संभाव्यतेचाच कशाला, उत्पन्नानुसार झुकणारा घ्या. घेता येतो. पण उत्पन्न, किंमत, वस्तूची प्रत या प्रत्येक गोष्टीबरोबर मनासारखा झुकणारा फासा काहीही समजावू शकतो, आणि म्हणून काहीच समजावत नाही; पसंती दर वेळी बदलली असे म्हणणाऱ्या विवेकवादाचीही तीच गत आहे. दोन्ही बाजूंना एकच शिस्त लावावी: फासा किंवा पसंती, जे घ्याल ते नोंदी पाहण्याआधी ठरवून ठेवा.

गिफेन वस्तूंचे प्रकरण इथे वेगळ्याच प्रकाशात दिसते. किंमत वाढल्यावर जिची मागणी वाढते ती वस्तू मागणीच्या नियमाला अपवाद म्हणून शिकवली जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे वागणे अविवेकाचे असावे. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातील अतिगरीब कुटुंबांना तांदळावर अनुदान देऊन केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे वागणे प्रत्यक्ष आढळले: तांदूळ स्वस्त झाल्यावर या कुटुंबांनी तो कमी घेतला. आता आपला फासा आठवा. किंमत उतरली की त्याची सरासरी मागणी वाढतेच. गिफेनचे वागणे त्याला कधीच साधत नाही. पोट भरण्याची किमान गरज आधी भागवायची आणि उरलेल्या पैशातून थोडे बरे अन्न घ्यायचे, असा हेतू ज्याच्या मनात आहे त्यालाच मागणीचा नियम मोडता येतो. तेव्हा तुमच्या नोंदींत चढता मागणी वक्र खरोखर आढळला, तर तो चूक समजून टाकून देऊ नका. फाशाविरुद्ध इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

किंमत कुठून आली, हे विसरू नका

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात किंमत बाहेरून दिलेली होती. इस्राएल किर्झनर यांनी बेकरांना १९६२ मध्येच दिलेल्या उत्तरात याच जागेवर बोट ठेवले: दिलेल्या किमतीला लोक कसे वागतात हे फाशाने सांगता येईल, पण किंमत चुकीची असताना ती बदलते कशी, हे सांगायला आपल्या चुकीवरून शिकणारी, हेतू असलेली माणसे लागतात. याउलट धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी १९९३ मध्ये संगणकावर असे व्यापारी बसवले की जे यादृच्छिक बोली लावतात, फक्त तोट्यात जाण्याची त्यांना मुभा नसते. दुहेरी लिलावाच्या, म्हणजे खरेदीदार आणि विक्रेते दोघेही बोली लावतात अशा लिलावाच्या, नियमांखाली त्यांनी व्यवहारातून मिळू शकणारा जवळजवळ सगळा लाभ मिळवला. हा वाद मिटलेला नाही. तुमचा प्रश्न मागणीपुरता असेल, तर त्यात शिरण्याची गरज नाही; बाजार कसा सावरतो हा असेल, तर वरच्या कसोट्या पुरणार नाहीत.

दोन प्रकारची यदृच्छा वेगळी ठेवा

शेवटची पायरी शब्दांच्या गोंधळाची आहे आणि ती गाळू नये. निवडीच्या अभ्यासात ‘यादृच्छिक उपयोगिता’ हा शब्द सर्रास येतो. त्याचा धागा लुई थर्स्टन यांच्या १९२७ च्या कामापासून निघून डॅनियल मॅकफॅडन यांच्या १९७४ च्या मांडणीपर्यंत येतो, ज्यासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. तिथे उपभोक्ता फासा टाकत नाही. तो आपल्या दृष्टीने सर्वांत चांगला पर्यायच निवडतो. मात्र त्याच्या उपयोगितेचा काही भाग संशोधकाला दिसत नाही, म्हणून संशोधक त्या निवडीकडे संभाव्यता म्हणून पाहतो. बेकरांच्या माणसाची यदृच्छा त्याच्या स्वतःच्या हातात आहे, मॅकफॅडन यांच्या माणसाची पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

हा फरक मोजायचा असेल, तर त्याच माणसांपुढे तेच पर्याय, त्याच किमतीला, पुरेशा अंतराने दुसऱ्यांदा ठेवा. समजा शंभरांपैकी सत्तर जणांनी पहिल्यांदा क घेतली आणि तीस जणांनी ख. प्रत्येकाची पसंती पक्की आहे, फक्त ती आपल्याला आधी माहीत नव्हती, असे असेल, तर दुसऱ्यांदा शंभरही जण आपलीच निवड पुन्हा करतील. उलट प्रत्येकजण सत्तर-तीसचा फासा टाकत असेल, तर पहिलीच निवड पुन्हा करणारे सरासरीने अठ्ठावन्न निघतील: दोन्ही वेळा क येण्याचे एकोणपन्नास आणि दोन्ही वेळा ख येण्याचे नऊ. दोन्ही फेऱ्यांत क चा एकूण वाटा मात्र सत्तरच दिसेल. अठ्ठावन्न आणि शंभर यांच्यामध्ये तुमचा आकडा नेमका कुठे पडतो, तो मोजा आणि अहवालात मागणी वक्राच्या आधी लिहा.